बफरचा पीएच काढायचा कसा? व्हिनेगरपासून रक्तापर्यंत

आजच्या भागात वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण आज थोडी आकडेमोड आहे. गाडी चालवत ऐकत असाल तर आत्ता नुसतं ऐका आणि घरी गेल्यावर हे शब्दांकन उघडून गणितं सोडवा.

बारावीच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न पाठवला होता. ती म्हणते, "सर, बफरचं सूत्र मला तोंडपाठ आहे. पण गणितात कुठला आकडा वर आणि कुठला खाली, इथेच गोंधळ होतो. आणि हे शिकून पुढे करायचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर व्हिनेगर घेऊन देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला आपल्याला १९५२ सालच्या कोपनहेगनमध्ये जावं लागेल, एका पोलिओच्या वॉर्डात.

आधी पीएच म्हणजे काय

मराठी माध्यमात ज्यांनी दहावी केली त्यांना 'सामू' हा शब्द आठवत असेल. सामू म्हणजेच पीएच. द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत, हे सांगायची ही एक सोयीची पद्धत. ही संख्या फारच लहान असते, म्हणजे ०.००००००१ मोल प्रति लिटर वगैरे. दर वेळी एवढी शून्यं कोण लिहिणार? म्हणून सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये सुचवलं की दहाचा जो उणे घात येतो, तेवढाच लिहा. दहाचा उणे सातवा घात असेल तर पीएच ७. उणे दुसरा असेल तर पीएच २. हे काम त्याने कुठे केलं माहितीये? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. हो, बिअरवाली कार्ल्सबर्ग!

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पीएच एकने उतरला की हायड्रोजन आयन दहापट वाढतात. दोनने उतरला की शंभरपट. त्यामुळे "पीएच फक्त एकनेच तर बदलला" असं कधी म्हणू नका. तो 'फक्त' फार महागात पडतो.

बफर म्हणजे जोडी

एक लिटर शुद्ध पाणी घ्या. पीएच ७. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. पीएच थेट २ वर येतो. हायड्रोजन आयन एक लाख पटींनी वाढले.

आता पाण्याऐवजी असं द्रावण घ्या ज्यात ॲसेटिक आम्ल आहे, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि सोबत सोडियम ॲसेटेट हा त्याचा क्षार आहे. दोन्ही ०.१ मोल. यात तेवढंच हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर पीएच जेमतेम ०.०९ ने उतरतो. हा आकडा कुठून आला ते पुढे काढूच.

असं का होतं? द्रावणात दोन गडी उभे आहेत. ॲसेटेट आयन बाहेरून आलेला हायड्रोजन आयन पकडतो आणि स्वतः ॲसेटिक आम्ल होऊन बसतो. उलट कोणी सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं, तर ॲसेटिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन त्याला शांत करतं आणि स्वतः ॲसेटेट होतं. एक घेणारा, एक देणारा. हीच जोडी म्हणजे बफर.

मात्र आम्ल सौम्य हवं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम क्लोराइड अशी जोडी लावली तर बफर होत नाही, कारण क्लोराइड आयन हायड्रोजनला धरून ठेवतच नाही. घेणारा गडीच नाही, मग खेळ कसला?

सूत्र येतं कुठून

सौम्य आम्लाचं विचरण अर्धवट होतं. थोडे रेणू फुटतात, बाकीचे तसेच राहतात, आणि दोन्हींमध्ये समतोल असतो. त्या समतोलाचा जो स्थिरांक, तो केए.

केए = हायड्रोजन आयन × ॲसेटेट ÷ ॲसेटिक आम्ल

आपल्याला हायड्रोजन आयन हवेत, म्हणून मांडणी फिरवा.

हायड्रोजन आयन = केए × ॲसेटिक आम्ल ÷ ॲसेटेट

खरं तर काम इथेच संपलं. हे रूप लॉरेन्स हेंडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडलं. पुढे कार्ल हॅसलबाल्खने (हाही कोपनहेगनचाच) दोन्ही बाजूंचा लॉग घेतला आणि चिन्ह बदललं. चिन्ह बदललं की अपूर्णांक उलटा होतो.

पीएच = पीकेए + लॉग (क्षार ÷ आम्ल)

वर काय, खाली काय, हा गोंधळ असेल तर पाठांतर सोडा, अक्कल वापरा. क्षार, म्हणजे हायड्रोजन घेणारा गडी, जास्त असेल तर द्रावण कमी आम्लधर्मी असणार, म्हणजे पीएच वर जायला हवा. अपूर्णांक मोठा व्हायचा असेल तर क्षार वरच हवा. झालं, परत कधी विसरणार नाही.

गणित पहिलं : सोपं

०.१ मोल ॲसेटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसेटेट, एक लिटर पाण्यात. केए आहे १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, म्हणून पीकेए ४.७४. क्षार भागिले आम्ल बरोबर १. एकचा लॉग शून्य. पीएच ४.७४.

दोन्ही समान असले की पीएच म्हणजेच पीकेए. एवढं माहीत असलं की उत्तर साधारण कुठे यायला हवं याचा अंदाज आधीच बांधता येतो. आणि तुलनेसाठी सांगतो, नुसतं ०.१ मोल ॲसेटिक आम्ल असतं तर पीएच सुमारे २.८७ आला असता.

गणित दुसरं : आम्ल टाकल्यावर

याच द्रावणात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. इथे एकदम सूत्राकडे धावू नका. आधी हिशेब, मग सूत्र. किराणा दुकानाच्या वहीसारखा हिशेब मांडायचा: आधी किती होतं, काय आलं, काय उरलं.

ॲसेटेट होतं ०.१०. आलेल्या आम्लाने त्यातलं ०.०१ खाल्लं. उरलं ०.०९.
ॲसेटिक आम्ल होतं ०.१०. त्यात ०.०१ची भर पडली. झालं ०.११.

आता सूत्र. लॉग (०.०९ ÷ ०.११) म्हणजे उणे ०.०९. पीएच = ४.७४ − ०.०९ = ४.६५.

पाण्यात हायड्रोजन आयन लाखपट वाढले होते. इथे ते सव्वापटीलाही पोचले नाहीत. बफरचं मोठेपण या दोन आकड्यांत आहे.

गणित तिसरं : जिथे हमखास गुण जातात

२०० मिलिलिटर ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात १०० मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घातलं. पीएच किती?

बरीच मुलं काय करतात, आम्ल २० मिलिमोल, सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलिमोल, लगेच भागाकार, १० भागिले २०, लॉग उणे ०.३०, उत्तर ४.४४. चूक! पर्यायांमध्ये ४.४४ दिसलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, सापळा लावायची जागाच ती आहे.

सोडियम हायड्रॉक्साइड हे तीव्र आम्लारी आहे. ते क्षार म्हणून स्वस्थ बसत नाही, ते आम्लाला खातं. १० मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइडने १० मिलिमोल आम्ल संपवलं आणि १० मिलिमोल ॲसेटेट तयार केलं. उरलेलं आम्लही १०. म्हणजे दोन्ही समान, पीएच ४.७४.

आता विचार करा, सोडियम हायड्रॉक्साइडही २०० मिलिलिटर घातलं असतं तर? आम्ल पूर्ण संपलं. जोडीतला एक गडी बाद. आता हे बफरच नाही, आणि आपलं सूत्रही चालत नाही. उरलं नुसतं सोडियम ॲसेटेटचं द्रावण, आणि त्याचा पीएच साडेआठच्या थोडा वर, ८.७ च्या आसपास येतो. म्हणून हिशेबाची पायरी आधी. सूत्र लावायच्या आधी दोन्ही गडी मैदानात आहेत ना, ते बघायचं.

बारकं निरीक्षण : मी मोलमध्येच भागाकार केला, संहती काढली नाही. दोन्ही पदार्थ एकाच भांड्यात आहेत, आकारमान एकच, ते भागाकारात कटतं. नीटला कॅल्क्युलेटर चालत नाही, तिथे एवढीच बचत पुष्कळ. लॉग दोनचा ०.३० आणि तीनचा ०.४८ एवढे पाठ ठेवा, बहुतेक गणितं त्यातच सुटतात.

अमोनियाचं काय?

अमोनिया आणि अमोनियम क्लोराइड हा आम्लारीधर्मी बफर. इथे पुस्तकं वेगळं सूत्र देतात: पीओएच = पीकेबी + लॉग (क्षार ÷ आम्लारी). मग चौदातून वजा करा. चालतं, पण मला विचाराल तर दुसरं सूत्र पाठ करायची गरज नाही. जोडीत घेणारा कोण? अमोनिया. देणारा कोण? अमोनियम. घेणारा वर, देणारा खाली, सूत्र तेच. फक्त पीकेए अमोनियमचा घ्यायचा: १४ − ४.७४ = ९.२६.

समजा अमोनिया ०.२ आणि अमोनियम क्लोराइड ०.१ मोल. पीएच = ९.२६ + लॉग २ = ९.५६. पीओएचच्या वाटेने करून बघा: ४.७४ − ०.३० = ४.४४, आणि १४ − ४.४४ = ९.५६. तेच आलं. लक्षात घ्या, इथे 'क्षार' खाली गेला. म्हणूनच म्हणतो, 'क्षार वर' असं घोकण्यापेक्षा 'घेणारा वर' हे समजून घ्या.

बफरची मर्यादा

बफर म्हणजे जादू नव्हे. घेणारे आणि देणारे यांचं प्रमाण दहास एक ते एकास दहा या दरम्यान असेल तोवर तो नीट काम करतो. म्हणजे पीकेएच्या एक वर, एक खाली. दुसरं, प्रमाण तेच ठेवून द्रावण विरल केलं तर पीएच जवळपास तोच राहतो, पण ताकद घटते. ०.१ मोलचा बफर जेवढं आम्ल सहज पचवेल, तेवढ्यात ०.०१ मोलचा बफर संपून जाईल. पीएच ही एक गोष्ट, ताकद ही दुसरी.

आणि आता या नियमाला धक्का देणारं उदाहरण. आपलं रक्त.

रक्तातलं गणित

रक्तातला मुख्य बफर म्हणजे बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. घेणारा बायकार्बोनेट, देणारा कार्बन डायऑक्साइड (पाण्याशी मिळून तो कार्बोनिक आम्ल होतो). शरीराच्या तापमानाला पीकेए ६.१. निरोगी माणसात बायकार्बोनेट साधारण २४ मिलिमोल प्रति लिटर. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर, त्याला ०.०३ ने गुणलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मिळतो, १.२ मिलिमोल.

पीएच = ६.१ + लॉग (२४ ÷ १.२) = ६.१ + लॉग २० = ६.१ + १.३० = ७.४०

अगदी बरोबर! रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये असतो. पण प्रमाण बघा, वीसास एक. आत्ताच मी सांगितलं की दहास एकच्या पलीकडे बफर लंगडा पडतो. मग रक्त कसं सांभाळतं?

समजा रक्तात लिटरमागे १२ मिलिमोल आम्ल आलं. रक्त बंद बाटलीत असतं तर हिशेब असा: बायकार्बोनेट २४ चे १२ झाले, आणि कार्बन डायऑक्साइड १.२ चा १३.२ झाला. पीएच = ६.१ + लॉग (१२ ÷ १३.२), म्हणजे सुमारे ६.०६. पीएच ६.८ च्या खाली गेला की माणूस जगणं कठीण असतं. इथे प्रश्नच मिटला.

पण रक्त बंद बाटलीत नाही. वर फुफ्फुसं आहेत. तयार झालेला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड श्वासातून बाहेर पडतो आणि आकडा पुन्हा १.२ वर येतो. आता पीएच = ६.१ + लॉग (१२ ÷ १.२) = ७.१०. वाईट, पण जिवंत. आणि शरीर तेवढ्यावर थांबत नाही, श्वास वाढवतं. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून २५ वर आणला, तर विरघळलेला ०.७५. बारा भागिले ०.७५ म्हणजे १६, लॉग १.२०, पीएच ७.३०. फक्त जोरात श्वास घेऊन!

मधुमेहात साखर फार वाढून रक्तात आम्लं साठतात, तेव्हा पेशंट खोल आणि भरभर श्वास घेतो. घरच्यांना वाटतं दम लागलाय. खरं तर शरीर हेच गणित सोडवत असतं, खालचा आकडा कमी करत असतं. असा श्वास दिसला तर "जरा पडून राहा, बरं वाटेल" म्हणायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा असतो. श्वासाचे स्नायू थकले की ७.३० चा ७.१० व्हायला वेळ लागत नाही.

कोपनहेगन, १९५२

त्या वर्षी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले पेशंट येऊ लागले. सुरुवातीच्या आठवड्यांत अशा ३१ पैकी २७ जण दगावले.

प्रयोगशाळेत रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजला जायचा, आणि तो बराच जास्त येत होता. या आकड्याचा बहुतांश भाग बायकार्बोनेटचा असतो. बायकार्बोनेट जास्त, म्हणजे घेणारा गडी जास्त, म्हणजे रक्त आम्लारीकडे झुकलंय, असा अर्थ लावला गेला. आपल्या सूत्रात वरचा आकडा वाढला तर पीएच वाढणार, नाही का?

थांबा. खालचा आकडा कुठाय?

मी समजण्यापुरते आकडे घेतो. बायकार्बोनेट ३६ धरा. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असेल तर ३६ भागिले १.२ म्हणजे ३०, लॉग १.४८, पीएच ७.५८. रक्त खरंच आम्लारीकडे झुकलेलं. पण पेशंटला श्वासच नीट घेता येत नसेल आणि दाब ११० पर्यंत चढला असेल तर? ११० गुणिले ०.०३ म्हणजे ३.३. छत्तीस भागिले ३.३ म्हणजे जवळपास ११, लॉग १.०४, पीएच ७.१४. बायकार्बोनेट तेच, आणि निदान बरोबर उलटं!

हे ओळखलं ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने. त्याचं म्हणणं होतं की हे पेशंट आम्लारीने नाही, कार्बन डायऑक्साइड साठून मरतायत. उपाय म्हणजे फुफ्फुसात हवा भरा. २७ ऑगस्ट १९५२ ला एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, नळी घालून, हाताने रबरी पिशवी दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र, पेशंटच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात.

त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा प्रमुख पॉल आस्ट्रुप. त्याने पुढे रक्ताचा पीएच मोजून त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा दाब काढायची पद्धत बसवली. पाया कोणता? पीएच, बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड या तिघांपैकी दोन कळले की तिसरा काढता येतो. तुम्ही बारावीत सोडवता तेच समीकरण.

थोडक्यात

तर मंडळी, पुढच्या वेळी बफरचं गणित आलं की या क्रमाने जा. जोडी ओळखा, घेणारा कोण आणि देणारा कोण. काही टाकलं असेल तर आधी मोलचा हिशेब करा. दोन्ही गडी उरलेत का बघा. मग सूत्र, घेणारा वर, देणारा खाली. शेवटी उत्तर पीकेएच्या जवळपास आहे ना, यावर एक नजर.

गृहपाठ देतो. ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसेटेट वापरून पीएच ५.०० चा बफर करायचाय. आम्ल ०.१० मोल घेतलं तर सोडियम ॲसेटेट किती मोल घ्याल? आणि दुसरं, आयसीयूमधल्या कागदावर बायकार्बोनेट १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० दिसतोय. पेशंटचे श्वासाचे स्नायू या आकड्यांबद्दल काय सांगतायत? पीएच तुम्हाला आता माहीत आहे, अर्थ लावून बघा.

पहिल्याचं उत्तर सुमारे ०.१८ मोल यायला हवं. दुसऱ्याचं मला कळवा, पुढच्या भागाची सुरुवात तिथूनच करू. तोवर सराव चालू ठेवा. भेटू लवकरच!